भावकी फुटली आणि भाषा दोन झाल्या

आईशप्पथ, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे नव्वद टक्के धरा.

माझी भाची कादंबरी लिहीत होती, मनानं रचलेल्या लोकांची. काही डोंगरात राहणारे, काही नदीकाठी. मूळ भाषा एक, पुढं तिच्या दोन झाल्या. पण का झाल्या, हेच तिला सुचेना. वही फाडायलाच निघाली होती. मी तिला रंकाळ्यावरच्या आमच्या चहाच्या गाडीवर नेलं आणि राधानगरीच्या दूधवाल्या अण्णांना कारण विचारलं.

अण्णा म्हणाले, "त्यात काय अवघड हाय? बेंदराच्या मिरवणुकीत थोरल्याचा बैल पुढं का धाकट्याचा, यावरनं भावकी फुटली. धाकटा डोंगरात गेला. बोलणंच बंद, मग भाषा एक कशी ऱ्हाईल?"

"चूक थोरल्याचीच," चहावाला बापू म्हणाला.

"गप बस. मान थोरल्याचाच असतोय."

दोघांची अशी जुंपली, की बापूनं अण्णांच्या पुढचा चहा परत ओढून घेतला.

मी मध्ये पडलो. "मग दोन्ही भाषांत सारखं कायच उरलं न्हाय?"

अण्णा म्हणाले, "आईला दोघंबी एकच हाक मारत असणार की. तिथनं परत बोलणं सुरू करता येतंय."

बापूनं चहा परत अण्णांच्या पुढं सरकवला.

त्याच दिवशी अडलेलं प्रकरण लिहून झालं.

यात खोटं एवढंच, की मला भाची नाही. बावन्नाव्या वर्षी कादंबरी लिहितोय म्हटलं असतं, तर तुम्ही पहिल्याच वाक्याला हसला असता.