देव्हाऱ्यातली सूचनापेटी

हॅलो? … हॅलो, कोल्हापूर? … कोण, शमशुद्दीन? मी हंबीरराव बोलतोय, पुण्यासनं. ट्रंक कॉल हाय, मोठ्यानं बोल! … व्हय, पोचलो. ऐक, दुपारी माझं भाषण हाय. आपल्या फौंड्रीत सुधारणा कशी टिकली, ह्याच्यावर. सोमवारच्या बैठकीत काय ठरलं तेवढं सांग…

झाली न्हाई? का? … आन् त्याच्या आधीच्या सोमवारी? … दसऱ्यापासनं एक बी न्हाई? अरे, तू फोरमन हायस का पावणा?

सूचनाच येईनात? का येईनात? सगळं झ्याक चाललंय व्हय तुमचं? … रफिक? रफिकला काय झालं? … पायावर लोखंडाचा तापला रस सांडला! कवा? … आज सकाळी? आन् हे तू आत्ता सांगतोस! … कुठल्या दवाखान्यात? … राजारामपुरीत. पाय वाचंल न्हवं? … डॉक्टर काय म्हणलं ते सांग, तुझं मत नको! … बरं. बरं. त्याच्या घरी, रोशनबीला कळवलं? … हं.

सांडला कसा पण? … रस ओतायच्या लॅडलचा दांडा हलत हुता? कवापासनं? … मग बोलायचं की! चिठ्ठी टाकायची की पेटीत! पेटी कशाला केलीया?

… देव्हाऱ्यात? अजून? … अरे, खंडेनवमीला हत्यारांसंगं पूजली, ठाव हाय मला. मीच हार घातला की! … पण दुसऱ्या दिवशी हत्यारं उचलली न्हवं कामाला? तशी पेटी बी… कोण म्हणलं हात लावू नका? … मी?

… म्हणलो आसंन. पावण्यांना दाखवायला बरी दिसती म्हणून… पण तू तरी काढायची की रे! … तुमची पूजा म्हणजे? तुझं-माझं देव कवा वायलं केलं आपण?

गप! आता ऐक. हार काढ. पेटी भट्टीपाशी आणून ठेव. … किल्ली माझ्या खिशात हाय, कुलूप फोड! … कोप हुईल म्हणतोय कोण? त्याला रफिकचा पाय दाखव! हात लावायचा न्हाई तो त्या लॅडलला! भट्टी बंद ठेव. … ऑर्डर गेली तर जाऊ दे!

भाषण? कसलं डोंबलाचं भाषण! मी गाडी धरतोय…

ऑपरेटर, थांबा हो, एकच मिनिट! … शमशुद्दीन, रफिकला म्हणावं, मालक… हॅलो? हॅलो? अरे, कुणी ऐकतंय का तिकडं?