हिरवी खूण

मुलांनो, डोळे मिटा आणि रहाटणीच्या बसथांब्यावर माझ्या शेजारी उभे राहा. पुढे रोहिणी आणि तिची लेक गार्गी बोलताहेत.

"आई, ऑफिसमधून कसला फोन होता?"

"आम्ही दवाखान्याचा सर्व्हर, म्हणजे रिपोर्ट साठवणारा संगणक, सांभाळतो ना, त्याला जोडू पाहणाऱ्याचं ओळखपत्र तपासलं जातं. आमची चाचणी रोज आपोआप खोटं ओळखपत्र दाखवून बघते."

"मग सर्व्हर हाकलतो?"

"हाकलायला हवं. तो सगळ्यांना आत घेतोय."

"आबांचे रिपोर्टसुद्धा दिसतात?"

"सगळ्यांचे."

"चाचणीनं सांगितलं नाही?"

"सारखी नापास दाखवते म्हणून माझ्यासोबत काम करणाऱ्या कुलदीपनं तीच बंद केली. वर सगळं ठीक असल्याची हिरवी खूण ठेवली."

"म्हणजे पेपरच रद्द, आणि सगळे पास?"

"हळू बोल गं. साहेबांना कळलं तर त्याची नोकरी जाईल. उद्या बघू."

गार्गीनं आईच्या हातातला फोन घेतला, साहेबांचा नंबर लावला आणि फोन आईच्या कानाला धरला.