बाळंतिणीचं पाणी

— ऐकलं गं बाई, ऐकलं मी. डोळे मिटले होते, कान न्हाई मिटले. सिस्टर तुला म्हणली ना, सहा नंबरची बाई आज घरी गेली की तुला कॉट देते — तर ती सहा नंबरची बाई मीच. बग, निवांत बग. पहाटं बाळंत झालीस आन तशीच फरशीवर पडलीस, एक चादर खाली, एक वर — मला दिसत न्हाई का? दिसतंय की. पर मी काय करू? माझ्या पोटात कळ येती. हितं, बेंबीच्या खाली. काल डॉक्टरीणबाई म्हणली, टाके वाळले, जा आता घरी — तवाच आली. कळ काय सांगून येती का? — आन तुझी आई कुठं गेली? चहा आणाया? येऊ दे. पैलंच ना तुझं? मंग आई असणारच. पैलं माहेरचं, दुसरं सासरचं. माझं हे दुसरं. दुसऱ्याला कोण येतंय गं सोबतीला!

पैल्या टायमाला मीबी माहेरी होते, तिकडं मुखेडकडं. आईनं सव्वा म्हैना बाजेवरून पाय खाली टेकू दिला न्हाई. बाजेखाली शेगडी, अंगावर घोंगडी, आन रोज दोन हंडे कढत पाणी — ती वतायची, मी वरडायची. भाजलं, भाजलं! ती म्हणायची, भाजू दे, हाडं सुटी होतात. तवा वाटायचं, किती छळती ही बाई. आता वाटतं, एक दिवस कुणी तसं छळावं.

तू म्हणशील, मंग दवाखान्यात कामून आले? अडलं होतं का? न्हाई, काही अडलं न्हवतं. खरं सांगू? पाण्यासाठी आले. हासू नको, टाके दुखतील. आमच्या गावात सरजाबाई हाय, सुईण — निम्मं गाव तिच्या हातचं. ती म्हणली, बाळंतपण करीन की, पर दहा घागरी पाणी मला आधी दाखवा. कुठून दाखवाव्या? आडात खडक दिसून राहिला. मागं लातूर जिल्हा झाला, आम्ही उस्मानाबादेतून हिकडं आलो, तवा सासऱ्यांनी गावात पेढे वाटले — जिल्हा जवळ आला म्हणून. आला की. टँकरवर नव्या जिल्ह्याचं नाव रंगवून आलंय, लाल अक्षरात, लई झ्याक दिसतंय. टँकर दोन दिसाआड येतो, आडात पाणी वततो आन जातो निघून — मंग सगळं गाव दोऱ्या घेऊन त्या आडावर. नववा म्हैना, आन मी शेंदून राहिले. सासू म्हातारी, हे रोजगार हमीवर खडी फोडाया. कोण शेंदणार? मीच. सरजाबाईच म्हणली मंग, तालुक्याला दवाखान्यात जा बाई, तिथं नळ हाय.

आन खरंच हाय. बगितलास का, त्या मोरीतला? सकाळी तासभर येतो, सांजच्याला तासभर. दुसऱ्या दिशी भिंतीला धरून धरून गेले मी तिथं आन नुस्ता सोडला. हात धरला खाली. कुणी वरडलं न्हाई. कुणी म्हणलं न्हाई की माझा नंबर हाय, सरक. मी तर तिथंच रडले गं, कशापायी ते माझं मलाच कळंना. — आन ही कॉट. गादीतून तारा टोचतात, सांगून ठेवते, डावीकडं सरकून झोपायचं. पर लग्नाला सात वर्सं झाली, सासरी दिवसा कधी आडवी झाले न्हवते मी. हितं दुपारी झोपले, कुणी उठवलं न्हाई. लेकरू रडलं, पाजलं, परत झोपले. मला किती झोप येत होती ते मला हितं आल्यावर कळलं बग. — मुलगा हाय, व्हय. सासूनं साखर वाटली म्हणे गावात. साखर वाटली, पाणी न्हाई वाटलं!

घरी एक पोरगी हाय माझी. चांगुणा. पाचवं सुरू हाय. टँकर आला की घागर पुढं ठेवून नंबर धरून बसती, उनात, हालत न्हाई जागची. आता एक सांगते, कुणाला बोलू नको — पाच-सहा दिस मला तिची आठवण आली न्हाई. लेकराच्या तोंडात थान दिलं की डोळा लागायचा, आन डोळा उघडला की वाटायचं, अजून एक दिस राहू दे हितं. पोरीनं खाल्लं का, तिची येणी कोण घालतंय — काही न्हाई. मनातच आलं न्हाई. कसली आई म्हणायची ही? — अशी बगू नको माझ्याकडं. तुझं पैलं हाय, तुला अजून समदं गोड लागतंय. दमशील एक दिस, तवा माझं ध्यानात येईल.

काल दुपारी हे आले होते न्यायाला. म्हणले, चल. मी म्हणले, कळ येती, डॉक्टरीण सोडत न्हाई. बरं, म्हणले. गडी बिचारा गरीब हाय. लेकराला बगितलं, आन जाता जाता हासून म्हणले, तुझी पोरगी येडी झाली. कामून? तर म्हणले, रोज एक तांब्या पाणी बाजूला काढती. आपल्या वाट्याचं. कोपऱ्यातल्या कळशीत वतती, वर ताट झाकती आन समोर बसून राहती. कुणाला हात लावू देईना. परवा टँकर आला न्हाई, घरात घोटभर न्हवतं, सासूनं कळशीला हात घातला तर तिला चावली म्हणे! म्हणती, हे माझ्या आईच्या न्हाण्याचं हाय. कळशी भरली की आई घरी येणार. — ह्यांना त्याचं हासू आलं. मीबी हासले. हे गेले, आन मंग मला आठवलं.

मीच बोलले होते गं. निघायच्या दिशी. कळा सुरू झालेल्या, दारात बैलगाडी, आन तिच्या हातून तांब्या सांडला. मलाच प्यायाला आणून देत होती. एक तांब्या. मी हाणली तिला कानाखाली. म्हणले, सांडलंस? माझ्या न्हाण्याचं पाणी सांडलंस? आता तुझ्यापायी मला दवाखान्यात जावं लागतंय. असंच, तोंडाला आलं ते. कळ आली की माणूस काय बी बोलतं. गाडीत बसले आन इसरून गेले. ती न्हाई इसरली. मी हितं नळाखाली हात धरून उभी राहत होते, आन ती तिथं भरून राहिली. रोज एक. आठ झाले आज.

आन तरी काल उठले न्हाई मी. लगेच निघायाचं होतं ना? ह्यांच्या मागं पळायाचं होतं. न्हाई. म्हणले, अजून एक रात्र. एकच. अशी मी. मंग सकाळी तुला हितं खाली बगितलं, पाय पोटाशी घेतलेले, आन लाज वाटली मला. लई लाज वाटली.

कळ? कसली कळ. न्हाई येत. कालबी आली न्हवती.

शिळं झालं असंल ते पाणी. आठ दिसांचं, कळशी तांब्याची बी न्हाई, पत्र्याची हाय. अळ्या झाल्या असतील. होऊ दे. उकळून घेईन आन त्याच पाण्यानं न्हाईन, तिच्यासमोर बसून, तिच्या हातानं वतून घेईन. आठच्या आठ तांबे. मंग तिला सांगते, बाई, तुझ्यापायी न्हवते गेले मी. ऐकती का न्हाई कुणास ठाऊक, लई हट्टी हाय — माझ्यावर गेली.

— बस, बस, तू कशाला उठतीस? माझं काय, काखंत लेकरू, दोन लुगडी आन एक तांब्या. झालं गठुडं. — ओ सिस्टर! सिस्टर, सहा नंबर रिकामा झाला वो! कळ थांबली म्हणावं डॉक्टरीणबाईला. हाव, आपोआप थांबली. — चल, चढ वर. डावीकडं, सांगितलं ना, उजवीकडं तारा टोचतात. आई आली की तिला म्हण, संध्याकाळपर्यंत मला उठवू नको. म्हण, लाजू नको. — अगं चढ की! बगत काय राहिलीस माझ्याकडं? सरक तिकडं, दहाची येस्टी चुकंल माझी.