हळदीकुंकवाच्या वहीतले अठ्ठावन्न पत्ते

खण्ण्!

ओट्यावरून डब्याचं झाकण पडलं, मंडळी! भर दुपार, घर चिडीचूप, सात महिन्यांचं बाळ पाऊण तास थोपटून आत्ता कुठे झोपलेलं — आणि खण्ण्! समोरच्या आयांनो, तुम्ही श्वास रोखलात ना? दिसलं मला! नाही उठलं हो. ओठ चोखले, कूस बदलली, झोपलं.

आता ऐका. आजच्या कीर्तनातला प्रश्न दिसायला साधा आहे. पण खरं सांगते, मला आठ दिवस सुटलेला नाही. आपल्या माणसाच्या वतीनं आपण 'हो' म्हणू शकतो का? नवऱ्याच्या वतीनं? सुनेच्या? लेकराच्या? माना डोलवू नका लगेच! थांबा!

ही झाकणवाली बाई म्हणजे देवरुखची हेमांगी शेट्ये. नाचणीचं सत्त्व करते. भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, तळाशी बसलेला साका सावलीत वाळवायचा. त्यासाठी सासूबाईंनी माळ्यावरची खोली दिलेली, पण चैत्रापर्यंतच! "तोवर गिऱ्हाईक जमलं तर खोली तुझी. नाहीतर धाकट्याचं लग्न आहे, खोली त्याची."

दुकान नाही, पाटी नाही. काय करावं? हेमांगीनं ठरवलं — महिन्याला एक पत्र लिहायचं. ईमेलनं. नव्या आयांना. पहिला घास कसा द्यावा, दात येताना काय करावं... आणि शेवटी दोन ओळी सत्त्वाच्या. बाळ झोपलं की लिहायची. अर्धं वाक्य आज, अर्धं परवा. पण पत्र पाठवायचं कुणाला? पत्ते हवेत!

आलं संक्रांतीचं हळदीकुंकू. अत्तरदाणीशेजारी तिनं वही ठेवली. कडेवर बाळ, एका हातानं कुंकू लावत म्हणतेय, "वाणाची पुडी घ्या, आणि वहीत तेवढं नाव घाला हं! ईमेलचा पत्ता पण!"

आता सांगा — हळदीकुंकवात 'नाव' म्हटलं की बाईला कुणाचं नाव आठवतं? बघा! हसलात म्हणजे कळलं!

पहिल्या होत्या रत्नप्रभावहिनी. त्यांनी मोठ्यानं उखाणा घेतला, आणि वहीत ठसठशीत लिहिलं — 'दिगंबर'. पुढे दिगंबररावांचा ईमेल. मागच्या बाईनं डोकावून पाहिलं, "अगो, ह्यांचं लिहायचं होय!" झालं! एकीमागून एक, सगळ्याजणी!

संध्याकाळी हेमांगीनं नुसत्या ओळी मोजल्या. अठ्ठावन्न! बाळाला म्हणाली, "सोन्या, खोली आपली!" आणि पत्ते एकेक भरताना नावं नाही बघितली? नाही हो! मांडीवर पोर दूध पितंय, एका बोटानं टाइप करतेय, पत्ता बरोबर पडला की पुढची ओळ!

पत्र गेलं. सुरुवात — 'लाडक्या मैत्रिणी'. विषय — 'बाळाची शी हिरवी झाली तर घाबरू नकोस'.

पत्र कुणाला पोचलं? पतपेढीच्या मॅनेजरांना! पीटीच्या सरांना! दिगंबररावांना तर भर मीटिंगमध्ये!

उत्तरं आली. "मॅडम, मी मैत्रीण नाही." "माझा पत्ता तुम्हाला दिला कुणी?" एका निवृत्त गुरुजींनी लिहिलं, "सत्त्वाविषयी वाचले. रज आणि तम केव्हा?" हसू नका, मंडळी, ती बिचारी रडत होती! पत्रं पोचवणाऱ्या कंपनीचीही ताकीद आली — लोक तक्रार करताहेत, आणखी झाल्या तर खातं बंद.

हेमांगी म्हणाली, चूक माझी. ज्यांना विचारलं नाही त्यांच्या दारात मी गेले. बसली अठ्ठावन्न नावं पुसायला. आणि तेवढ्यात एक उत्तर आलं. श्रीधर ताम्हाणे यांच्या पत्त्यावरून.

"हेमांगी, मी कुमुदकाकू. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तू मला हळदीकुंकवाला बोलावलंस. सगळ्या नवऱ्याचं नाव घालत होत्या, मीही घातलं. किती दिवसांनी घातलं! ह्या पत्त्यावर आता लाइट बिलाशिवाय काही येत नाही. माझ्या घरात बाळ नाही. तरी हे नाव पुसू नकोस."

आता?

सत्तावन्न पुसली. मग दारोदार फिरली, बाळाला घेऊन. "वहिनी, तुमचा स्वतःचा पत्ता?" "इश्श, आमचा कसला पत्ता!" "मग काढूया!" एकेकीला पत्ता काढून दिला, पत्र हवंय का ते विचारलं. अकराजणी झाल्या. अकरा!

कुमुदकाकूंकडे गेली. "काकू, तुमच्या नावाचा नवा काढते."

"नको गं. ह्याच पत्त्यावर पाठव. दोन वर्षं उघडतेय तो मीच. मग पत्ता कुणाचा?"

"पण काकांना विचारायला हवं होतं ना, काकू..."

"मग विचार की."

हेमांगीनं वही काढली. वहीत अकरा नावं, आणि बारावं पेन्सिलीनं, धड ठेवलेलं नाही, धड पुसलेलं नाही. खोलीचं काय झालं? चैत्र यायचाय अजून, मंडळी. मला माहीत नाही. बारा नावांवर सासूबाई ऐकतील? तेही माहीत नाही.

पण तुमचं सांगते! न विचारता लोकांना ग्रुपमध्ये घालता. "आमची सून करेल लाडू," म्हणून मोकळ्या होता. घरी जाल तेव्हा एका तरी माणसाला विचारा — मी तुझ्या वतीनं हो म्हणाले होते, तुला चाललं होतं का? उत्तर काहीही येवो, ऐकून घ्या. एवढंच आजचं मागणं. म्हणा माझ्याबरोबर, राम कृष्ण...

काय गं, ईरा? ही माझी लेक, मंडळी, पाच वर्षांची, पहिल्या रांगेतून उठून आलीय, कधीची पदर ओढतेय. बोल, बाळा. मोठ्यानं बोल.

"आई, मग त्या आजोबांचा आत्ताचा पत्ता काय?"