नऊ मीटरची तार

आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, आपले विभागप्रमुख साहेब. त्यांच्या शेजारी बसलेले, विहिरींत पाणीपातळी बिनतारी कळवणारी यंत्रं बसवणाऱ्या कंपनीचे पाहुणे. आज निवृत्त होणारे आपले टेपमामा. पहिल्या रांगेतल्या मामी. आणि कार्यालयातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सोबत "गोड बोला" अशी चिठ्ठीही दिली आहे. चिठ्ठी वाचली, आता बाजूला ठेवते.

मी संगणक कक्षात बसते. चाळीस विहिरींची पाणीपातळी दर सहा तासांनी माझ्या पडद्यावर येते. त्याआधी एकतीस वर्षं ती मामांच्या टेपवर यायची. पोलादी टेपच्या टोकाला निळा खडू फासायचा, काठावरच्या लाल खुणेपासून टेप आत सोडायची, वर ओढायची आणि खडू कुठपर्यंत भिजला ते बघून हिशेब करायचा. मग सगळं पुन्हा एकदा. दोन्ही आकडे जुळले तरच वहीत. मामी मघाशी मला म्हणाल्या, "ह्यांच्या बाह्या बघूनच मला कळायचं आज किती विहिरी झाल्या ते. साबण मात्र माझा संपायचा!"

हसा, हसा. पुढे हसण्यासारखं काही नाही.

टेकडीवरच्या वस्तीची सतरा नंबरची विहीर बारा मीटर खोल आहे. तिथे यंत्र बसवलं ते नऊ मीटर तारेवर टांगून. का? तर साठ्यात तेवढीच तार शिल्लक होती. मामा तेव्हाच म्हणाले होते, "साहेब, तार तोकडी पडतेय. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, यंत्र हवेत लोंबकळेल." साहेब काय म्हणाले, आठवतंय ना सगळ्यांना? "मामा, तुमची टेप आता म्हातारी झाली."

उन्हाळा आला. पाणी नऊ मीटरच्या खाली गेलं आणि यंत्र गप्प झालं. पाहुणे, तुमच्या यंत्रावर माझा राग नाही. ते खोटं बोललं नाही. त्याने आकडा पाठवायचं थांबवलं, म्हणजे जेवढं त्याला सांगता येत होतं तेवढं सांगितलं. पण वरून तपासणी येणार होती. साहेबांचा हुकूम झाला, "आलेखात खंड दिसता कामा नये." संगणकात तशी सोय आहे. आकडा आला नाही, तर शेवटचा आलेला आकडाच पुढे ओढायचा. एका चौकटीत बरोबरची खूण करायची, बस्स.

ती खूण मी केली. या बोटाने.

पुढचे सत्तेचाळीस दिवस पडद्यावर पाणी काठापासून साडेआठ मीटरवरच होतं. हललं नाही, डुललं नाही. चाळीस विहिरींत एकाच विहिरीचं पाणी दीड महिना काडीभरही हलत नाही, हे आपल्यापैकी एकाला तरी खटकायला नको होतं का? मला खटकलं नाही. सरळ रेघ बघून मला बरं वाटायचं.

मामा मात्र सवयीने सतराव्या विहिरीवर जात होते. त्यांच्या वहीत अकरा मीटर होतं, मग साडेअकरा. वस्तीने टँकर मागितला, आपण नाकारला. पडद्यावर पाणी आहे, मग टँकर कशाला? मामा वही घेऊन साहेबांच्या दालनात गेले आणि येताना पत्र घेऊन आले. त्यातलं वाक्य मला पाठ आहे, कारण ते मीच टाइप केलं : "सदर कर्मचारी प्रत्यक्ष जागेवर न जाता नोंदी करीत असल्याचे दिसते."

जागेवर न जाता! ज्या माणसाच्या बाह्यांवरून बायको विहिरी मोजते, त्याला! आणि हे लिहिलं कोणी? तर ज्यांनी ती विहीर आजवर डोळ्यांनी पाहिलेली नाही, त्यांनी.

आठवड्याने वस्तीतली एक सून कळशी घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरली. तळाशी गाळ होता, त्यातलं पाणी वाटीने भरायचं होतं. पाय घसरला. आपल्या पडद्यानुसार त्या क्षणी खाली साडेतीन मीटर पाणी होतं. साहेब, साडेतीन मीटर पाण्यात पडलेल्या बाईचं कंबरडं मोडतं का? तिचं मोडलं. ती अजून काठीवाचून चालत नाही.

मग मात्र सगळं कसं झरझर झालं. टँकर गेला, तार बदलली, चौकटीतली खूण काढली. चूक कोणाची हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून कोणी सांगितलंही नाही. मीही नाही. फक्त ते पत्र मामांच्या सेवापुस्तकात जिथे होतं तिथेच राहिलं. मामांनी दोनदा अर्ज केला. उत्तर आलं, "यथावकाश पाहू."

मघाशी अध्यक्षांनी मामांना "कार्यालयाचा कणा" म्हटलं आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मामींना मी विचारलं, घड्याळ आवडलं का? त्या म्हणाल्या, "घड्याळ काय करू गं? ते पत्र आल्यापासून हे घरातला माठसुद्धा दोनदा मोजतात." ज्या माणसाने स्वतःच्या आकड्यावरही कधी एका खेपेत विश्वास ठेवला नाही, तो आज पाच वाजता या दारातून खोटारडा म्हणून बाहेर पडणार. कागदावर तरी तसंच. आणि आपण टाळ्या वाजवणार?

मी वाजवणार नाही. हे पत्र मी सकाळी टाइप करून आणलंय, आधीचं रद्द करणारं. चौकटीतली खूण कोणी केली आणि कोणाच्या हुकमाने केली, तेही यात लिहिलंय. खाली माझी सही आहे. वरची जागा रिकामी आहे. आणि मामा, या वेळी तिथे जुना आकडा पुढे ओढता येणार नाही.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना काही उणंअधिक झालं असेल, तर मामा-मामी, तुम्ही पोटात घाला. अध्यक्ष महोदय, तुम्ही घालू नका. तुम्ही सही करा. पाच वाजायला वीस मिनिटं आहेत, तुम्हीच दिलेल्या घड्याळात बघा. पेन इथे ठेवते.