शांताकाकूच्या निंबाचा वसवा

बसा, बसा. माह्यासाठी कोणी उठू नका.

शांताकाकूसाठी तुम्ही एवढे लोक आले, बाभुळगावहूनही आले. मले बोलता येत नाही. बंडूभाऊनं बळंच उभं केलं. त्याच्या आईबद्दल मी काय बोलू? माहं तं तिच्याशी पाच वर्षं भांडणच चालू होतं.

भांडण याच कडूनिंबाचं. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, इकडं काकूचं आंगण, तिकडं माहं वावर. झाडाच्या सावलीखाली पीक खुरटते, त्याले आपण वसवा म्हणतो. या निंबाचा वसवा माह्या सहा ओळींवर. दिवस कसे आहेत, तुम्हाले माहीत आहे. कापसाले भाव नाही, बोंडात अळी. अशात सहा ओळी पऱ्हाटी झुरून राह्यलेली पाहवते काय कोणाले? दर मृगाले मी काकूच्या दारात. "काकू, निंब तोड." काकू म्हणे, "गजानन, झाड नको बदलू, पीक बदल."

पीक बदल! मग मी तिथं झेंडू लावला. दसऱ्याले फुलं होतील म्हनलं. अरे बाप्पा! झेंडू कमरेइतका वाढला, उजेडाकडं वाकला, अन् फूल म्हणाल तं एक नाही. काकू हसून हसून बेजार. "येड्या, सावलीले फूल मागायचं नाही, पान मागायचं. नाही तं कंद मागायचा. अळू लाव, आलं लाव, हळद लाव." मी म्हनलं, "मी कापूसवाला माणूस, आता अळूच्या जुड्या बांधू काय?"

यंदा मृगाआधी शेवटचं सांगायले गेलतो. "काकू, यंदा निंब गेलाच पायजे."

काकू म्हणे, "तोड."

पाच वर्षं नाही म्हणणारी बाई एकदम हो म्हणते, तं माणूस घाबरते ना? मी म्हनलं, "काहून?" तं म्हणे, "तुलेच पायजे ना? तोड. फक्त पोळा होऊ दे." दुसऱ्या दिवशी पाह्यतो तं माह्या त्याच सहा ओळींत ती वाकून हळद लावून राह्यली होती. त्या वयात! मले पुसलं नाही, सांगतलं नाही.

पोळा झाला. चौथ्या दिवशी काकू गेली.

आता बंडूभाऊ म्हणते, "आईचा शब्द आहे गजाननभाऊ, कधी येता कुऱ्हाड घेऊन?" मले काहीच समजून नाही राह्यलं. काकू थकली होती काय माह्याशी भांडून? का थट्टा केली माही? हळद तं शिमग्याच्या आसपास निघते, मग पोळ्याचा वायदा कायले? कोणाले पुसू? जिले पुसायचं तीच नाही.

सकाळी सतरंजी तिकडं आंगणात टाकली होती. ऊन चढलं तसे तुम्ही सारे सरकत सरकत निंबाखाली आले. कोणी वसवा म्हनलं नाही. सगळ्यात आधी मीच सरकलो, खोटं कायले बोलू?

बंडूभाऊ, कुऱ्हाडीचं आज मले पुसू नको. काकू, लय बोललो वं तुले. चुकलं माहं.

दोन मिनिटं शांत राहू. उभे नका होऊ, सावलीतच बसा. अन् मागं धुऱ्यावर बसलेल्यांनो, पाय जरा आवरा. तिथं काकूची हळद आहे.