अक्कांनी बसवलेलं रडणं

अरे, पारोळ्याजवळच्या एका गावात मी शाळेतल्या पोरापोरींना नाटक शिकवत होतो ना, तिथली गंमत ऐका. त्यांनी गावातल्या आबांनी विहीर खोदल्याची गोष्ट बसवली. शेवट पडेल वाटला, म्हणून नाटकात आबांना परस्पर मारूनच टाकलं!

प्रयोगाला आबा पहिल्याच रांगेत. स्टेजवर तिरडी आली, पोरींनी हेल काढला, तसे आबा ताडकन उठले. "ए, मी मरेल नही शे!"

झालं, बोंबललं नाटक, म्हटलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आबांच्या मंडळी, अक्का, खेकसल्या, "खाले बसा! कितला दिन लागनात माले पोरीस्ले हाई रडनं शिकाडाले!"

आबा मुकाट बसले. थोड्या वेळाने पाहतो, तर स्वतःच्या तिरडीकडे बघून सगळ्यात मोठ्याने आबाच रडत होते.